तलावाच्या पाळीवरची बैठक

(साकोली येथे झालेल्या तालुक्यातील महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

‘महिलांचे संघटन आणि प्रश्नांची सोडवणूक’ या विषयावर मी बोलावं असं मला सांगितलं गेलं. विषय भारदस्त आहे. समाजकार्याची एम. ए. करताना असे विषय आम्हाला परीक्षेत यायचे, आणि आम्ही चार पानं उत्तर लिहून मार्क मिळवायचो. आज मी तसं उत्तर देणार नाही. साकोली तालुक्यातल्याच एका गावात मी कशी चुकले आणि तिथल्या बायांनी मला कसं शिकवलं, ते सांगणार आहे. गावाचं नाव घेत नाही, कारण तिथलं भांडण अजून पुरतं मिटलेलं नाही, आणि माझ्या भाषणामुळे कुणा बाईला घरी बोल लागू नयेत.

आपला हा सगळा मुलूख तलावांचा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे हजारो तलाव आहेत. आपण त्यांना मालगुजारी किंवा मामा तलाव म्हणतो. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी ते बांधले. जो तलाव बांधील त्याला तलावाखालची जमीन, असा तो व्यवहार होता. नवेगावबांधच्या तलावाशी कोलू पाटलाचं नाव जोडलेलं आहे, आणि तिथल्या सात टेकड्यांना लोक सातबहिणी म्हणतात. मला नेहमी वाटतं, पाटलाचं नाव राहिलं, पण पाळीवर मातीच्या टोपल्या वाहणाऱ्या बायांचं एकही नाव राहिलं नाही. सात बहिणी राहिल्या, त्याही डोंगर होऊन.

१९५१ मध्ये मालगुजारी गेली. तलाव सरकारजमा झाले. जमीनदारी गेली हे चांगलंच झालं, त्याबद्दल वाद नाही. पण तलावाची दरवर्षीची डागडुजी, गाळ काढणं, पाळीवरची माती सावरणं, ही जबाबदारी हळूहळू कुणाचीच उरली नाही. मालक बदलला आणि राखण सुटली. शेतकऱ्याला धानापुरतं पाणी हवं, मच्छीमार संस्थेला मासोळीचा ठेका हवा, खात्याला वसुली हवी. अख्खा तलाव मात्र कुणालाच नको होता.

आता माझी गोष्ट.

त्या गावात मी गेले तेव्हा ढिवर मोहल्ल्यात बायांचा एक बचत गट होता. चौदा बाया. पुरुष जाळं टाकतात आणि बाया टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव मासोळी विकतात. गट कागदावर उत्तम होता. रजिस्टर पूर्ण, हप्ते वेळेवर, बैठकीच्या सह्या आणि अंगठे जागच्या जागी. पण बैठकीत बोलणं एकच व्हायचं, पैसे कुणी भरले आणि कुणी नाही. मी विचार केला, या बायांचा धंदा मंदावला आहे, तेव्हा यांना कर्ज मिळवून द्यावं, त्यातून मत्स्यबीज घ्यावं, तलावात सोडावं. मी रंगीत पेनांनी मोठ्या कागदावर आराखडा काढून नेला. चौकोन, बाण, सगळं. भिंतीला लावला आणि तासभर बोलले.

बाया ऐकत होत्या. शेवटी एक म्हातारी माय म्हणाली, “म्याडम, कर्ज देता ते ठीक आहे. पन मासोळी काऊन कमी झाली, ते तं तुमी इचारलंच नाही.”

खरंच विचारलं नव्हतं. उत्तर आधी तयार होतं आणि मी त्याला प्रश्न चिकटवत होते. आपण कार्यकर्त्या हे किती वेळा करतो, जरा आठवून पाहा. योजना येते, त्या योजनेत बसेल असा प्रश्न आपण गावात शोधतो, आणि त्याला ‘लोकसहभाग’ म्हणतो.

मी कागद गुंडाळला आणि म्हटलं, मग तुम्हीच सांगा. पुढची बैठक आम्ही मोहल्ल्यात न घेता तलावाच्या पाळीवर घेतली. तिथे बायांनी रांगोळीने जमिनीवर तलाव काढला. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या चौदा जणींपैकी एकीलाही पूर्ण तलाव ठाऊक नाही, पण प्रत्येकीला एकेक कोपरा असा ठाऊक आहे की कुठल्या साहेबाच्या फायलीत तो सापडणार नाही. एकीला मरळ कुठे पिल्लं घालते ते माहीत. दुसरीची आई उथळ पाण्यातलं देवधान वेचायची, ते आता कुठे उरलं आहे ते तिला माहीत. तिसरी बाजारात बसते, पूर्वी कोणती मासोळी यायची आणि कोणती येईनाशी झाली याची यादी तिच्या तोंडपाठ. आणि सगळ्यांना हे दिसत होतं की जिथे पूर्वी पाण्यातली झाडं होती तिथे आता बेशरमचं रान माजलं आहे. झाडं गेली, मासोळीचा आसरा गेला. तिथे आम्ही विकतचं बीज सोडलं असतं तरी ते काय खाऊन जगलं असतं?

तेवढ्यात एक बाई म्हणाली की खरा घोटाळा पाण्याचा आहे. “धानवाले सारं पानी सोडून देतात, उन्हाळ्यात आमाले चिखल.” झालं! सगळ्याजणी कोहळी शेतकऱ्यांवर बोलू लागल्या. तसं पाहिलं तर बैठक तिथेच संपायची. दुसऱ्या मोहल्ल्याचा दोष काढला की आपलं मन मोकळं होतं आणि प्रश्न तसाच राहतो.

पण त्या म्हाताऱ्या मायनेच सुचवलं, त्या बायांनाही बोलावू. मी कचरले. ढिवर, कोहळी, गोंड आणि बौद्ध मोहल्ल्यातल्या बाया एकत्र बसल्या नव्हत्या, एका नळावर सुद्धा नाही. दोनदा बोलावलं, कुणी आलं नाही. तिसऱ्यांदा रोवणीच्या वेळी बांधावर जाऊन ढिवर बाया स्वतः बोलल्या. तेव्हा पाच-सहा जणी आल्या. आल्या त्या वेगळ्या बसल्या. एक जण तर मुलाच्या निमित्ताने लवकर उठून गेली. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते. ‘सगळ्या बाया एक’ असं आपण घोषणेत म्हणतो, पण जात पाळीवरही आपल्या आधी येऊन बसलेली असते. ती नाही असं धरून चाललं तर संघटना पहिल्याच भांडणात फुटते.

त्या बैठकीत एका शेतकरी बाईने उलटा आरोप केला, “पानी आमी नाही सोडत, तुमचेच लोक मासोळीसाठी तुडूम उघडं टाकतात.” तुडूम म्हणजे पाळीतून पाणी सोडायची जागा, हे आपल्या बाहेरगावच्या वाचक मैत्रिणींसाठी सांगते. दोन्ही बाजू तापल्या. तेव्हा बौद्ध मोहल्ल्यातली एक बाई, जी तोवर एक अक्षर बोलली नव्हती, ती म्हणाली, “मी पाटावर धुणं धुतो. पौषात बी पाटाले पानी राहते. तवा वावरात धान कुठं राहते?”

सगळ्या गप्प झाल्या. धान कापून खळ्यावर गेलं तरी पाटाला पाणी चालूच. याचा अर्थ पाणी कुणी सोडत नव्हतं. ते गळत होतं! दुसऱ्या दिवशी सगळ्या मिळून तुडुमाशी गेल्या. लाकूड कुजलं होतं आणि त्यात दरवर्षी कुणीतरी चिंध्या आणि माती कोंबत होतं. शेतकऱ्यांना वाटे ढिवर उघडं टाकतात, ढिवरांना वाटे शेतकरी सोडतात. दोन मोहल्ले एकमेकांशी बोलत नव्हते म्हणून इतकी वर्षं तलाव रात्रंदिवस रिता होत होता. आणि ज्या बाईला हे माहीत होतं तिला कुणी विचारलंच नव्हतं, कारण तिच्याकडे ना तलावाखालचं वावर, ना जाळं.

मैत्रिणींनो, सामूहिक शहाणपण म्हणतात ते हेच. त्यात जादू काही नाही. एकेका बाईकडे माहितीचा एकेक तुकडा असतो. तुकडे जुळायला एक जागा लागते आणि तिथे सगळ्यात मागे बसलेल्या बाईला बोलावंसं वाटावं लागतं. ती बोलली नाही तर बाकीच्यांनी कितीही डोकं लढवलं तरी तुडुमाचं कोडं सुटणार नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगते. तुडूम दुरुस्त करायला गावातल्याच सुताराला लावलं, खर्च दोन्ही बाजूंनी उचलला. आम्ही अर्जुनी मोरगावला जाऊन आलो. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत तो तालुका आपल्या भंडाऱ्यातच होता. तिथे मनीष राजनकर आणि ढिवर समाजातले जाणते कार्यकर्ते पतिराम तुमसरे यांनी लोकांबरोबर तलावांवर अनेक वर्षं काम केलं आहे. निमगावच्या शालू कोल्हे आणि त्यांच्यासारख्या अनेक बायांनी तलावातली बेशरम काढली, उतरलेल्या पाण्याच्या जागी नांगरट करून तिथल्या मातीतल्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कोणती झाडं कोणत्या मासोळीला लागतात हे ज्ञान ढिवरांकडे होतंच. ते एकत्र मांडलं गेलं आणि त्याला शास्त्राच्या अभ्यासाची जोड मिळाली. आमच्या बाया तिथल्या बायांशी दिवसभर बोलल्या. माझ्या दहा शिबिरांत जे झालं नसतं ते त्या एका दिवसात झालं. बाई बाईला पाहून शिकते, फळा पाहून नाही.

उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर आमच्या बायांनी बेशरम मुळासकट खणली. वरून कापून उपयोग नसतो. चिखलात तुकडा राहिला तरी तो फुटतो. काढलेली झाडं पाळीबाहेर नेऊन वाळवली. मग एक कोपरा राखीव ठरवला, पावसाच्या सुरुवातीला मासोळी अंडी घालते तेव्हा तिथे जाळं टाकायचं नाही.

नियम केला की मोडणारा येतोच. पहिल्याच पावसात एकाने रात्री जाळं टाकलं, आणि तो निघाला गटातल्याच एका बाईचा नवरा! काहींचं म्हणणं होतं, दंड करा, नाव पाटीवर लिहा. शेवटी ठरलं की पहिल्या वेळी दोघी-तिघींनी घरी जाऊन समजवायचं, दुसऱ्यांदा केलं तर पकडलेली मासोळी गटाच्या नावे विकायची, तिसऱ्यांदा केलं तर गावासमोर ठेवायचं. तो माणूस पहिल्यातच थांबला.

हा क्रम बायांनी स्वतः ठरवला. नंतर मी एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन अभ्यासक बाईंचं लेखन पुन्हा वाचत होते, तेव्हा मला हसू आलं. मुलगी म्हणून या बाईंना शाळेत पुढचं गणित शिकू दिलं नाही, आणि गणित कमी म्हणून अर्थशास्त्राच्या पीएच. डी.ला प्रवेश मिळाला नाही. त्यांनी राज्यशास्त्र घेतलं. आणि २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारी पहिली बाई त्याच ठरल्या. सामाईक गोष्टी, म्हणजे कुरण, जंगल, मासेमारी, पाट, लोक स्वतः कसे सांभाळतात याचा त्यांनी जगभर अभ्यास केला. सामाईक वस्तूची नासाडीच होते, म्हणून ती एक तर सरकारकडे द्या नाही तर खाजगी मालकाकडे, असं मोठमोठे पंडित सांगत होते. ऑस्ट्रॉमबाईंनी दाखवलं की तसं नाही. नेपाळात शेतकऱ्यांनी स्वतः चालवलेले पाट सरकारी खात्याने चालवलेल्या पाटांपेक्षा चांगले चालताना त्यांना आढळले. जिथे हे टिकतं तिथे काही गोष्टी सारख्या दिसतात. वस्तू कुणाची हे स्पष्ट असतं. ज्यांना नियम पाळायचे तेच नियम करतात. राखण आपसातलेच लोक करतात. शिक्षा लहानापासून मोठीकडे जाते. भांडण मिटवायला जवळची जागा असते. आणि सरकार त्यांच्या संघटनेला मोडता घालत नाही. आमच्या बायांनी यातलं एक पानही वाचलेलं नव्हतं.

आपल्या शेजारच्या गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) तुम्हाला माहीत आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे हे नाव सगळीकडे गेलं. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वांच्या संमतीने होतात. आणि निर्णय घेणारी ग्रामसभा वेगळी, नुसता अभ्यास आणि चर्चा करणारा अभ्यासगट वेगळा. हे मला फार मोलाचं वाटतं. अभ्यासगटात कुणाला हरवायचं नसतं, म्हणून माणूस मोकळं बोलतो. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली त्या गावाला जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये ग्रामसभा स्वतःचा बांबू विकू लागली. त्यामागे वीस-पंचवीस वर्षांचं बोलणं आणि ऐकणं होतं. आपले गट सहा महिन्यांत ‘रिझल्ट’ मागतात.

आता थोडं कडू बोलते.

पहिलं. ‘बाया काय सुंदर काम करतात’ असं म्हणत बायांच्या गळ्यात फुकट काम बांधायची चाल सगळीकडे आहे. बेशरम काढायला बाया सकाळी सहाला जायच्या, आणि घरी येऊन चूल त्यांनाच पेटवावी लागायची. तिसऱ्या दिवशी एक जण म्हणाली, “तलाव गावाचा, पाठ आमचीच काऊन मोडावी?” तिचं बरोबर होतं. मग पुढच्या वर्षी हे काम रोजगार हमीत घ्यावं असा ठराव बायांनी ग्रामसभेत मांडला. त्याआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे, ती प्रथमच खरोखर भरली. आपण स्वतः संघटित होणं म्हणजे सरकारला सुट्टी देणं नव्हे. उलट, संघटित झाल्यावरच सरकारकडे नीट मागता येतं.

दुसरं. मासोळी वाढली तर पैसा कुणाच्या हातात? ठेका मच्छीमार संस्थेचा, आणि संस्थेचे सभासद सगळे पुरुष. सहकार कायदा बाईला सभासद होऊ नको म्हणत नाही, संचालक मंडळावर महिलांसाठी जागाही राखीव आहेत. पण सभासदच नसतील तर राखीव जागेवर बसणार कोण? बायांनी अर्ज केले तर उत्तर मिळालं, “घरातून एक सभासद आहे ना?” तीन सभा त्यात गेल्या. आज सहा बाया सभासद आहेत. चौदांपैकी सहा. दोघींनी घरच्या विरोधामुळे अर्ज मागे घेतला. त्यांना कुणी नावं ठेवू नयेत. त्यांच्या घरात राहून पाहिल्याशिवाय आपल्याला बोलण्याचा हक्क नाही.

तिसरं माझ्याबद्दल. सुरुवातीला प्रत्येक बैठकीची वेळ मी ठरवायची, वृत्तांत मी लिहायची. माझ्या आजारपणामुळे मी दोन महिने गेले नाही. मला वाटलं, आता गट मोडणार. गेले तर पाहते, दोन बैठका झाल्या होत्या. वृत्तांत एका सातवी शिकलेल्या सुनेने लिहिला होता, आणि माझ्या वेळी कधीच न आलेल्या दोन बाया त्यात बोलल्या होत्या. आनंद झाला, आणि खरं सांगते, थोडं लागलंही. आपण नसलो की चालतं, हे पचवायला कार्यकर्तीला वेळ लागतो. पण संघटना त्या बायांची आहे याचा पुरावा तोच.

तलावाचं काय झालं म्हणाल, तर चमत्कार झाला नाही. राखीव कोपऱ्यात झाडं धरली आहेत. उन्हाळ्यात पूर्वीपेक्षा जास्त दिवस पाणी राहतं, हे धुणं धुणारी बाई सांगते आणि तिच्या शब्दावर माझा विश्वास आहे. मरळ दिसू लागली आहे. बेशरम दोन जागी पुन्हा फुटली आहे, ती दरवर्षी काढावीच लागेल. कोहळी मोहल्ल्यातल्या बाया आता वेगळ्या बसत नाहीत, पण चहा अजून सगळ्याजणी घेत नाहीत.

तुमच्या गावात तलाव नसेल, बोडी असेल, रेशनचं दुकान असेल, दारूचा गुत्ता असेल, शाळेत न येणारा मास्तर असेल. घरी गेल्यावर एवढंच करा. पुढची बैठक नेहमीच्या ओट्यावर घेऊ नका, जिथे प्रश्न आहे तिथे जाऊन घ्या. रजिस्टर शेवटी उघडा. जिला अजून कधी बोलावलं नाही अशा एका बाईला बोलवा, आणि ती आली नाही तर पुन्हा जा, तिसऱ्यांदा जा. तिच्याकडे काय आहे ते तिने सांगेपर्यंत आपल्याला कळत नसतं.

आणि जे काही घडेल, बिघडेल, ते या अंकासाठी लिहून पाठवा. बिघडलेलं आधी पाठवा. त्यातून आम्हाला जास्त शिकायला मिळेल.